सासूबाईंना नेटवर्क मार्केटिंग करायचंय! यात खरंच पैसे मिळतात का?

सुदामानगरची_सून:
नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसती वाचून जाते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण घरात विषय पेटलाय. सासूबाई ५९ वर्षांच्या. सासरे मागच्या वर्षी रिटायर झाले, घरात दोघंच दिवसभर, टीव्ही आणि त्यावरून भांडण. महिन्यापूर्वी भिशीतल्या एका काकूंनी त्यांना इथल्या इंदूरच्या विजयनगरमधल्या एका हॉटेलात रविवारच्या "मीटिंग"ला नेलं. गेल्या त्या कुरकुरत (रविवारी पोहे-जिलबी चुकली म्हणून) आणि आल्या त्या एकदम वेगळ्याच. डोळ्यात चमक, हातात फोल्डर.

प्लॅन असा की ८,५०० रुपयांचं किट घ्यायचं, त्यात केसांचं तेल, टूथपेस्ट, प्रोटीन पावडर आणि एक काढा ज्याने म्हणे शुगरही जाते आणि गुडघेही. मग दोन जणांना जोडायचं, एक डावीकडे एक उजवीकडे, ते त्यांचे दोन जोडणार, आणि प्रत्येक जोडी झाली की यांना ५०० रुपये. वर दरमहा काहीतरी खरेदी केली नाही तर आयडी "इनॅक्टिव्ह" होतो. काल वही घेऊन १०० नावांची यादी करायला बसल्या. पहिलं नाव कोणाचं? माझ्या आईचं!!

मला त्यांची थट्टा करायची नाहीये, प्लीज फक्त हसून जाऊ नका. कोणी खरंच केलंय का, कमावलंय का, घालवलंय का, ते सांगा. अहो म्हणतात करू दे, साडेआठ हजार गेले तर गेले. मला ते इतकं सोपं वाटत नाही.

भिया_नंबर_एक:
हसू नका म्हटलंय म्हणून हसत नाही. पण व्याही-विहीण एकाच लेगमध्ये (म्हणजे साखळीच्या एकाच बाजूला), वा भिया वा. दिवाळसणाला जावयाला आता प्रोटीन पावडर.

निवृत्त_मास्तर:
सूनबाई, मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मला यातलं दुसरं काही कळत नाही, फक्त हिशेब कळतो. तो करून बघू.

पहिल्या ओळीत तुमच्या सासूबाई एकट्या. खाली २, मग ४, मग ८. असं करत विसाव्या पायरीवर १०,४८,५७६ माणसं लागतात. आता गंमत बघा, त्या ओळीच्या वरचे सगळे मिळून होतात १०,४८,५७५. म्हणजे वरच्या सगळ्यांपेक्षा शेवटच्या ओळीत एक माणूस जास्तच! सगळे मिळून जवळपास २१ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या इंदूर शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती, तान्ह्या बाळांसकट. म्हणजे राजवाड्यापासून राजेंद्रनगरपर्यंत झाडून सगळे जोडले, एकानेही नाही म्हटलं नाही, तरी निम्म्याहून जास्त इंदूर असं उरतं ज्याच्या खाली जोडायला कोणी नाही.

पुढे चला. किटचे ८,५०० सुटायला ५०० प्रमाणे १७ जोड्या हव्यात, म्हणजे खाली ३४ माणसं. एखाद्याच्या खाली चार ओळी पूर्ण भरल्या तरी होतात ३०. म्हणजे शेवटच्या पाच ओळीतल्या कोणाचेच पैसे सुटत नाहीत. आणि शेवटच्या पाच ओळी म्हणजे एकूण माणसांपैकी शेकडा सत्त्याण्णव. कोणी आळशी आहे म्हणून नाही हो, सगळ्यांनी उत्तम काम केलं असं धरून!

मीटिंगमध्ये फळ्यावर गोल काढतात ना, ते नेहमी चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंतच काढतात. सहावी ओळ फळ्यावर मावत नाही.

पोहे_विदाऊट_सेव:
मास्तर, दंडवत. शेवटचं वाक्य घरच्या ग्रुपवर टाकतोय.

माजी_डाउनलाइन:
मास्तरांनी गणित सांगितलं, मी अनुभव सांगतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

२००९, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. शाळेतल्या मित्राचा चार वर्षांनी फोन. "यार एक बिझनेस आहे, फोनवर नाही सांगता येणार, छप्पनला भेटू" (छप्पन दुकान, आपली खाऊगल्ली). मला वाटलं पठ्ठ्याने सॉफ्टवेअर कंपनी काढली. गेलो तर हा टायमध्ये, मे महिन्यात, बरोबर अजून एक टायवाला. हॉटडॉग त्यांनी खाऊ घातला. पहिला प्रश्न, "तुझं स्वप्न काय आहे?" एकविसाव्या वर्षी मला तोवर हे कोणीही विचारलं नव्हतं, घरी फक्त "बॅक किती आहेत" विचारायचे. तिथेच अर्धा गेलो मी.

तीन वर्षं केलं. एक गोष्ट बरी केली, सवयीने डायरी लिहायचो. तीन वर्षात कमिशन आलं साधारण ४१ हजार. खर्च? किट, दर महिन्याचं "ॲक्टिव्ह" राहायचं सामान, दर रविवारची हॉल एन्ट्री, मोटिवेशनच्या सीड्या, भोपाळ आणि नागपूरचे मोठे सेमिनार, पेट्रोल, एक कोट. एक लाख तीस हजाराच्या वर. त्यातला कोट अजून आहे, लग्नात वापरला.

पण पैसे मी विसरलो असतो. ज्या मित्राने मला जोडलं त्याच्याशी मी आज बोलत नाही आणि ज्या चौघांना मी जोडलं ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यातला एक सख्खा मावसभाऊ. त्याने बाईक घ्यायला साठवलेले पैसे घातले होते. मावशीने तोंडावर कधी काही म्हटलं नाही, फक्त त्यानंतर तिच्याकडे गणपतीला गेलो की "काय रे, काही विकायला नाही ना आणलंस" असं हसत हसत म्हणायची. अजून म्हणते.

आणि उरलेला माल! साबण, शाम्पूचे पाऊच, पलंगाखाली दोन खोकी. शेवटी आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटून टाकले. रामबागेतल्या तीस-पस्तीस बायकांनी त्या वर्षी माझं भांडवल लुटलं.

भिया_नंबर_एक:
आवा (संक्रांतीचं वाण हो) पायजे तर असा!

मीनल_इंदूर:
थांबा थांबा, ते वाण आमच्याकडेही आलं होतं का? गुलाबी पाऊच? माझ्या आईने दोन वर्षं वापरला तो शाम्पू, चांगला होता हो!

माजी_डाउनलाइन:
@मीनल गुलाबीच :( चला, एक तरी समाधानी ग्राहक मिळाला.

बडोद्याची_वर्षा:
इथे सगळे एका सुरात बोलतायत म्हणून लिहिते. मी बडोद्यात सात वर्षं डायरेक्ट सेलिंग करते. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर जाहिरात केली म्हणाल. महिन्याला बारा ते पंधरा हजार सुटतात. फसवत नाही कोणाला. मास्तरांचा हिशेब बरोबर आहे पण त्यात त्यांनी एक रुपयाची विक्री धरलेली नाही, फक्त जोड्या धरल्यात. मी जोड्या जुळवत नाही. माझे चाळीसेक ठरलेले ग्राहक आहेत, दांडिया बाजार ते मांजलपूर, भांड्याचा साबण, फ्लोअर क्लीनर, थोडं कॉस्मेटिक. महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मेसेज करून ऑर्डर घेते, स्कूटरवर पोचवते. दुकानदारच आहे मी, फक्त दुकान नाही. माझ्या आयडीखाली सहा जणी आहेत त्यातल्या चार घरच्यापुरतंच घेतात. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

सरसकट सगळ्यांना चोर म्हणू नका. नोकरी न करता दोन मुलींच्या फिया भरल्यात मी यातून.

मीनल_इंदूर:
@वर्षा ताई, राग मानू नका, बारा-पंधरा हजार पेट्रोल, घरी वापरायचा माल वगैरे धरून की वजा करून?

बडोद्याची_वर्षा:
रागावायचं काय, बरोबर विचारलंत. वजा केलं तर नऊ-दहा. दिवाळीच्या महिन्यात जास्त. रोज तीन-चार तास जातात. आणि हो, पहिली दोन वर्षं काहीच नव्हतं, ते कोणी स्टेजवरून सांगत नाही.

पोहे_विदाऊट_सेव:
रोज चार तास, महिना दहा हजार. आमच्या भंवरकुआंला कोचिंगची इतकी पोरं आहेत, वीस डबे लावले तरी यापेक्षा जास्त सुटतील. आणि पोरांना "तुझं स्वप्न काय" विचारायला नको, पोळ्या मऊ असल्या की झालं.

मीनल_इंदूर:
वीस डबे म्हणजे रोज दोनदा शंभरेक पोळ्या. कोण करणार? एकोणसाठच्या सासूबाई? पुरुषांना डबे "लावणं" फार सोपं वाटतं.

पोहे_विदाऊट_सेव:
माघार.

आकडेमोड_वाला:
पेशाने सीए आहे, सेहोरचा, इंदुरात प्रॅक्टिस. थोडं कायद्याचं, कारण मीटिंगमध्ये "आपली कंपनी गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड आहे" हे हमखास सांगतात. कंपनी नोंदणीचं सर्टिफिकेट म्हणजे सरकारने धंद्याची हमी घेतली असं नव्हे, ते मी पण उद्या काढून देऊ शकतो कोणालाही.

आपल्याकडे १९७८ चा कायदा आहे, प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदीचा. नुसती माणसं जोडल्याबद्दल पैसे फिरत असतील तर तो गुन्हा, चालवणाऱ्याचा तर आहेच, मेंबर गोळा करणाऱ्याचाही. नंतर २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम आले. त्यात पिरॅमिड स्कीमला (खालच्यांना जोडत जायचं आणि त्यांच्या पैशावर वरच्यांनी कमवायचं) सरळ बंदी आहे, आणि त्यातली कामाची गोष्ट ही की विक्रेत्याचं उत्पन्न मालाच्या विक्रीतून यायला हवं, माणूस आणला म्हणून नाही. डेमोचं सामान किंवा पुस्तकं घेण्याची सक्ती करता येत नाही. करार झाल्यावर विनादंड बाहेर पडायला कूलिंग ऑफची मुदत द्यावी लागते. कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो.

म्हणजे वर्षाताई करतात ते एक आणि सूनबाईंनी लिहिलंय ते दुसरं. "८,५०० चं किट घ्या, जोडी झाली की ५००", यात विक्री कुठे आहे? जोडी मालाची होते की माणसांची, एवढा एकच प्रश्न विचारा.

आणि मोठं नाव म्हणजे शंका नको असंही नाही. ईडीने एप्रिल २०२२ मध्ये ॲमवे इंडियाच्या ७५७ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली होती, धंदा पिरॅमिडचा आहे असा आरोप ठेवून. आरोप म्हणजे निकाल नव्हे, पण पेपरात आलेली गोष्ट आहे.

आता घरगुती उपाय. अपलाइनबाई (म्हणजे ज्यांनी वरून जोडलं त्या) "महिना लाख" म्हणत असतील तर त्यांना २६एएस मागा, म्हणजे आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा तक्ता. कमिशनवर टीडीएस कापला जातो, त्यामुळे वर्षात कंपनीकडून किती आले ते त्यात दिसतं. चेकचे फोटो आणि गाडीसोबतचे फोटो मला क्लायंट रोज दाखवतात. गाडीचा हप्ता कोण भरतं ते फोटोत दिसत नाही.

बडोद्याची_वर्षा:
@आकडेमोड माझा २६एएस मी दाखवेन कोणालाही. थँक्यू, हेच म्हणायचं होतं मला, नीट मांडता आलं नाही.

एडिसनचा_इंदोरी:
अमेरिकेतून, न्यू जर्सी. इथे देसी ग्रोसरीत अनोळखी माणूस हसून "तुम्ही इंदूरचे का" म्हणाला की मी आधी पाकीट सांभाळतो. आपल्या भाषेचा माणूस भेटल्याचा आनंद अर्धा मिनिट, मग "वुई आर एक्सपांडिंग अवर बिझनेस". मंदिरात, पार्किंगमध्ये, एकदा मुलाच्या शाळेत पण.

इथल्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२४ मध्ये ७० एमएलएम, म्हणजे मल्टिलेव्हल मार्केटिंग, कंपन्यांची कमाईची पत्रकं वाचून एक अहवाल काढला. कंपन्यांच्याच पत्रकांप्रमाणे बहुतेक लोकांची वर्षाची कमाई हजार डॉलर किंवा त्याहून कमी, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरच्या आत. बऱ्याच पत्रकांत शून्य कमावणाऱ्यांना धरलेलंच नाही, खर्चही वजा नाही. २०१६ मध्ये हर्बालाइफला २० कोटी डॉलर ग्राहकांना परत करायला भरावे लागले होते. त्या देशात ही गत, जिथे नियम कडक म्हणतात.

ग्वाल्हेरची_अवंती:
सगळे पैशांवर बोलताय. मला त्या काढ्याबद्दल बोलायचंय.

आमच्याकडे ग्वाल्हेरला काकांनी असाच एक ज्यूस आणला, शेजारच्या सज्जन गृहस्थांकडून, ज्यांनी कधी कोणाचं वाईट केलं नाही. दीड हजाराची बाटली. "गोळ्या हळूहळू कमी करा." काकांनी हळूहळू नाही, एकदम बंद केल्या, कारण गोळ्यांचा कंटाळा कोणाला नसतो. दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना म्हणून डॉक्टरकडे नेलं तर उपाशी पोटी शुगर ३४० निघाली. पाय वाचला, अंगठा गेला.

ते शेजारी हॉस्पिटलात भेटायला आले, रडले. त्यांनी स्वतः तोच ज्यूस घेतला होता, त्यांचा खरंच विश्वास होता. मला त्यांच्यावर नीट रागवताही आलं नाही.

१९५४ चा कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज म्हणतात, मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. पण भिशीत तोंडी सांगितलेलं कोण पकडणार? सूनबाई, सासूबाई तो काढा स्वतः घेतायत का ते आधी बघ. बाकी सगळं नंतर.

सुदामानगरची_सून:
@अवंती वाचून पोटात गोळा आला. सासऱ्यांना शुगर आहे. संध्याकाळी बघते.

जुना_होळकर:
मला एक कळत नाही, एलआयसीचा एजंट पण नातेवाइकांकडेच जातो की! आमच्या मामांनी सगळ्या भाच्यांच्या पॉलिसी काढल्यात. तेव्हा कोणी धागा काढला नाही.

आकडेमोड_वाला:
@होळकर फरक आहे. मामा पॉलिसी विकून कमिशन घेतात, तुम्हाला एजंट बनवून नाही. आणि विम्यात तर एमएलएमला कायद्यानेच मनाई आहे, २०१५ च्या दुरुस्तीत कलम ४२ए आलं.

जुना_होळकर:
पण डेव्हलपमेंट ऑफिसर एजंट जोडतोच ना? त्याला एजंटांच्या धंद्यावर मिळतं ना काहीतरी?

आकडेमोड_वाला:
तो पगारी नोकर आहे हो. आणि खाली एकच पायरी. आणि एजंट होताना किट घ्यावं लागत नाही, परीक्षा द्यावी लागते.

जुना_होळकर:
परीक्षेला मामा दोनदा नापास झाले होते. असो, तुमचं बरोबर.

मीनल_इंदूर:
विषय निघालाच आहे तर, टपरवेअर पण असंच घरोघरी पार्टी करून विकायचे ना? भारतात १९९६ ला आलं. आमच्या आईकडे तेव्हाचे डबे अजून ठणठणीत. एक डबा मैत्रिणीकडे गेला आणि परत आला नाही म्हणून दोघी सहा महिने बोलत नव्हत्या. कंपनीने मात्र २०२४ ला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

भिया_नंबर_एक:
डबे टिकले, कंपनी नाही टिकली. एवढं मजबूत बनवायचंच नव्हतं. दुसऱ्यांदा कोण घेणार!

पोहे_विदाऊट_सेव:
हरवलेल्या झाकणांची जोडी जुळवून देणारी स्कीम काढा कोणीतरी, मी पहिला जॉइन होतो.

जुन्या_इंदूरची_काकू:
मी सहसा लिहीत नाही, चुका सांभाळून घ्या. मी ६४ वर्षांची, म्हणजे तुझ्या सासूबाईंच्याच बरोबरीची. वाचता वाचता वाटलं की सगळे त्यांना कसं वाचवायचं ते सांगतायत आणि त्यांना काय पाहिजे ते कोणी विचारलं नाही.

मी केलंय हे, आठ-नऊ वर्षांपूर्वी. पैसे मिळाले नाहीत, सात-आठ हजार गेले असतील, मिस्टरांना पूर्ण आकडा अजून सांगितला नाही (ते इथे वाचत नाहीत). पण तिथे पहिल्यांदा मला माईक दिला. मी पस्तीस वर्षं अमक्याची सून, तमक्याची बायको, नंतर बाळ्याची आई. तिथे एका पोराने माझं पूर्ण नाव पुकारलं, मॅडम म्हणाला, आणि दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय केलं होतं? पाच टूथपेस्टी विकल्या होत्या! पण घरी परत येताना रिक्षात मी दोनदा रडले, आनंदाने. मुलाला सांगितलं तर म्हणाला आई हे सगळे फ्रॉड आहेत. त्याचं बरोबरच होतं. पण मी त्याच्याशी पुढे चार महिने त्या विषयावर एक अक्षर बोलले नाही आणि तेवढ्यात अजून तीन हजारांचा माल घेतला. तो त्या दिवशी नीट बोलला असता तर कदाचित घेतला नसता.

म्हणून तू वही फाडू नकोस. यादी त्यांच्याबरोबर बसून वाच.

माजी_डाउनलाइन:
काकू, "तुझं स्वप्न काय" म्हणतात तेव्हा मला जे झालं तेच तुम्हाला माईकने झालं. मला हे इतक्या वर्षांत नीट सांगता आलं नव्हतं.

डायमंड_इन_प्रोग्रेस:
नमस्कार, इथे खूप निगेटिव्ह लोक दिसतात. जे फेल झाले त्यांनी १००% दिलं नाही. जिम लावून गेला नाहीत तर जिमचा दोष का? इंटरेस्टेड असाल तर मला पर्सनल मेसेज करा, फ्री बिझनेस प्रेझेंटेशन, नो फोर्स.

निवृत्त_मास्तर:
बाळा, जिममध्ये माझ्या शेजारचा बारीक झाला म्हणून मला जाड व्हावं लागत नाही. तुझ्या झाडात खालच्याचे पैसे गेल्याशिवाय वरच्याकडे येत नाहीत.

भिया_नंबर_एक:
मास्तर ऑन फायर!!

ॲडमिन_दोन:
डायमंड यांचा मोबाईल नंबर काढून टाकला आहे. धाग्यावर प्रचार नको. बाकी चालू द्या.

सुदामानगरची_सून:
चार दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार. रिपोर्ट देते.

काढा घरात आलाच होता! मीटिंगमधली सॅम्पल बाटली, फ्रिजच्या दारात, चिंचेच्या चटणीमागे. सासरे रोज सकाळी दोन झाकणं घेत होते. गोळ्या बंद नव्हत्या केल्या, देवाची कृपा. अवंतीचा किस्सा दोघांना वाचून दाखवला, सासरे काही बोलले नाहीत, उठून बाटली सिंकमध्ये ओतली. सासूबाई म्हणाल्या अहो वासाने सिंक तरी साफ होईल.

मग इथल्या काकूंनी सांगितलं तसं यादी घेऊन बसले सासूबाईंबरोबर. मी काही शिकवलं नाही, फक्त विचारत गेले की हे दर महिन्याला दोन हजाराचा माल घेतील का. शंभरातले सत्तावीस बेंगलोर-पुण्याला निघाले. अकरा जणांशी आपलं येणं-जाणं बंद आहे. दोघे वारलेत (!!), त्यांचं नाव सवयीने लिहिलं गेलं. लहान जाऊबाईंपाशी आल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "हिला विकलं तर ही आयुष्यभर ऐकवेल." शेवटी चार नावं उरली त्यात माझ्या आईचं होतं. मी म्हटलं आईला मी सांगते, तर म्हणाल्या नको, विहीणबाईंना नाही म्हणता येणार नाही म्हणून तर ते पहिलं लिहिलं होतं मी. आणि एकदम गप्प झाल्या. भिशीतल्या काकूंनी पण यांना तसंच निवडलं असणार, हे तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं बहुतेक. मी काही बोलले नाही.

२६एएस पण मागितला! भिशीवाल्या काकूंना नाही, त्यांच्या वरचा जो कोटवाला मुलगा घरी आला होता त्याला. सासऱ्यांनी मागितला, चाळीस वर्षं सरकारी नोकरीत फायली बघितलेला माणूस. तो म्हणाला, अंकल ते पर्सनल असतं. सासरे म्हणाले, माझ्या बायकोची १०० नावं तुम्हाला पर्सनल वाटली नाहीत? (मी स्वयंपाकघरात टाळी वाजवणार होते, आवरलं.) आकडेमोड यांचा प्रश्नही विचारला, जोडी मालाची की माणसांची. तो म्हणाला दोन्ही एकच.

किट सध्या घेतलेलं नाही. एक फेसवॉश घेतला ३९० चा, कारण भिशीवाल्या काकूंना अगदीच रिकामं पाठवता येईना.

आकडेमोड_वाला:
तुमच्या सासऱ्यांना माझ्या ऑफिसात पार्टटाइम पाठवा. आणि तो मुलगा परत परत आला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, हिंदीत बोलतात.

बडोद्याची_वर्षा:
सासूबाईंना खरंच विकायची हौस असेल तर मी सांगते, घरी त्या काय चांगलं करतात? मसाला, मेतकूट, लाडू? भिशीतल्या बायकांना तेच विका. स्वतःचा माल असला की वर कोणाला वाटा द्यायला नको. मला हे सात वर्षांपूर्वी कोणी सांगितलं नाही.

सुदामानगरची_सून:
@वर्षाताई मेतकूट करतात, सगळे मागून नेतात, पण पैसे घ्यायचं म्हटलं की म्हणतात शी, मेतकुटाचे कुठे पैसे घेतात! टूथपेस्टचे घ्यायला तयार होत्या बरं का.

मीनल_इंदूर:
पाव किलो माझं लिहा. पैसे जीपेवर टाकते, म्हणजे त्यांना हातात घ्यावे लागणार नाहीत.

जुन्या_इंदूरची_काकू:
माझंही पाव किलो. आणि येत्या रविवारी काय ठरलंय? परत जाणार आहेत का मीटिंगला?

सुदामानगरची_सून:
जाणार म्हणतायत काकू. किट नाही घेणार पण जाणार. म्हणाल्या तिथे बसायला मोकळं आहे, एसी आहे, चार बायका भेटतात. मी पण जातेय बरोबर. फोल्डर घरी ठेवून यायचं या अटीवर.

भिया_नंबर_एक:
समोसा देतात की कचोरी?

सुदामानगरची_सून:
समोसा. पण एकालाच एक.

भिया_नंबर_एक:
मग राहू दे.

निवृत्त_मास्तर:
एकाला एक म्हणजे वरच्या ओळीला आणि खालच्या ओळीला सारखाच? मग त्या हॉटेलात तेवढंच एक न्याय्य वाटप होतंय. सूनबाई, माझंही अर्धा किलो मेतकूट.

जुना_होळकर:
मेतकुटाच्या धाग्याची लिंक द्या कोणीतरी, तिखट घालतात की नाही यावर तिथे आमचं भांडण अर्धवट राहिलंय.